पन्हं कसं झालं ते सांगा

आज रविवार, वैशाख शुद्ध नवमी. सकाळी नळ आले तेव्हा उठलो. पाणी भरलं. मग गजूभाऊंच्या घरी गेलो. सुलभा वहिनींनी कैऱ्या धुऊन ठेवल्या होत्या. त्या उकडल्या. गार झाल्यावर सालं काढली, गर कोळला, गूळ घातला. त्यांच्या मुलीने, पल्लवीने, चाळणी धरली. दुपारी ऊन फार होतं, म्हणून आम्ही तिघं पंख्याखाली बसून राहिलो. ऊन उतरल्यावर ऑटो बोलावला. अंतर थोडंच आहे, पण गंज, म्हणजे पन्ह्याचं मोठं पातेलं, काठोकाठ भरलेला होता. तो पायांत धरून आम्ही इथे, बुढापारा वस्तीतल्या या सभागृहात आलो.

हा माझा आजचा दिवस. एवढं तरी नीट सांगता आलं, म्हणजे पुढचंही सांगता येईल असं वाटतं.

वहिनी, पल्लवी, आणि गजूभाऊंसाठी आलेल्या तुम्ही सर्वांनी, मला सांभाळून घ्यावं. मी प्रभाकर. गजूभाऊंच्याच ऑफिसात होतो, त्यांच्याच गल्लीत राहतो. मला बोलायची सवय नाही. माझ्या निरोपसमारंभात मी दोन वाक्यं बोललो होतो आणि त्यातलं एक 'धन्यवाद' होतं. आज बोलायला नकोच म्हणणार होतो. पण मला नको म्हणता येत नाही. हे गजूभाऊंना चांगलं ठाऊक होतं. ते का सांगतो, ते पुढे कळेल.

तेरवी होऊन गेली. धार्मिक काय करायचं ते झालं. आता आपलं आपण जमलो आहोत.

मागच्या टेबलावर पन्ह्याचे ग्लास भरून ठेवले आहेत. वर ताटल्या झाकल्या आहेत. मला इथून ते दिसतात. आत येताना पल्लवीने तुम्हा प्रत्येकाला विचारलं. तुम्ही प्रत्येकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालात, नको बेटा. एकही ग्लास उचललेला नाही.

मला राग आलेला नाही. तुम्ही का नको म्हणालात ते मला समजतं. शोकसभेत गोड कसं प्यायचं? ज्याच्या हातचं पन्हं, तोच नाही, तर घशाखाली कसं उतरायचं? बरोबर आहे. पण हे आपलं दुसऱ्यांदा होत आहे. पहिल्यांदा झालं तेव्हा गजूभाऊ होते. त्यांनी ते निस्तरलं. आज ते नाहीत, म्हणून मला उभं राहावं लागलं.

थोडं मागचं सांगतो.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, त्यानंतरचा पहिला उन्हाळा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. भोपाळहून ट्रकमधून फायली आल्या. फायलींबरोबर माणसं आली. टेबलं कमी होती, गठ्ठे जमिनीवर होते, कूलर साहेबांच्या खोलीत होता. आपले तिवारीजी, ते बघा तिसऱ्या रांगेत बसले आहेत, ते तेव्हा एकटेच आले होते. कुटुंब भोपाळला. मे महिन्यात त्यांना उन्हाची लू लागली. दुसऱ्या दिवशी गजूभाऊ दुधाची किटली घेऊन ऑफिसात आले. किटलीत पन्हं होतं.

तिवारीजींनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "भाईसाहब, पना तो नमकीन होता है. ये तो मीठा है."

गजूभाऊ म्हणाले, "तिवारीजी, ये पन्हं है. पना इसका भांजा लगता है. मामा के घर आये हो, मीठा ही मिलेगा."

सगळा हॉल हसला. त्या हॉलमधलं ते पहिलं हसणं असेल. तोवर आम्ही रायपूरवाले एका भिंतीशी आणि भोपाळवाले दुसऱ्या भिंतीशी बसत होतो.

पण पुढच्या आठवड्यात काय झालं? किटलीतल्या पन्ह्यात भाजलेलं जिरं आलं. थोडा पुदिना आला. तिवारीजींनी ग्लास पुन्हा पुढे केला. मग आपल्या मराठी बायकांनी ऐकवलं, "गजूभाऊ, पन्ह्यात पुदिना? नागपूरले कळलं तर जातीबाहेर टाकतीन." गजूभाऊ म्हणाले, "नागपूर तिथं, पुदिना इथं. आधी पिऊन पाहा, मग शिव्या द्या." त्या प्यायल्या. शिव्या द्यायच्या राहून गेल्या.

तेव्हापासून उन्हाळ्यातले रविवार त्यांच्या अंगणात व्हायचे. चैत्रापासून मृगापर्यंत. आधी कैरीचं पन्हं, मग बेल पिकले की बेलाचं सरबत. बेल ते मिक्सरमध्ये घालू द्यायचे नाहीत. बी फुटली की कडू होतं म्हणायचे. हातानेच कुस्करायचे, कोपरापर्यंत हात बरबटलेले. ऑफिसातले यायचे, गल्लीतले यायचे, पंडरीच्या कापडबाजारातून यायचे. त्या अंगणाचा एकच नियम होता. आधी ग्लास, मग गोष्ट. हातात ग्लास आल्याशिवाय गजूभाऊ कोणाला तोंड उघडू देत नव्हते. माझ्यासारख्याला ते सोयीचं होतं. ग्लास हातात असला की बोलावं लागत नाही.

मग निवृत्त झाल्यावर त्यांची मूत्रपिंडं गेली.

डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं. दिवसभराचं सगळं मिळून तांब्याभर. चहा त्यातच, वरण त्यातच, गोळ्या गिळायचं पाणीही त्यातच. रायपूरच्या उन्हाळ्यात. कैरी बंद, गूळ बंद, बेल बंद. एकदा मी विचारलं, चमचाभर चाखलं तर? वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे चमच्यावर थांबणारे आहेत का?" गजूभाऊ स्वतःच म्हणाले, "चमचा जिभेले लागला का गळा सारा माठ मागते. त्याच्यापेक्षा नकोच."

तरी त्या चैत्रात त्यांनी नेहमीसारखा निरोप पाठवला. रविवारी या.

आम्ही निघालो. आणि त्यांच्या घराच्या अलीकडे, कोपऱ्यावर उभं राहून आम्ही सगळ्यांनी ठरवलं. ज्या माणसाला घोटभर पाणी मोजून मिळतं, त्याच्यासमोर ग्लासवर ग्लास प्यायचे नाहीत. मुलांनाही बजावलं, "काका के यहाँ पानी भी मत माँगना." आठवतं ना? तुमच्यातले निम्मे लोक त्या कोपऱ्यावर होते. मीही होतो.

आत गेलो. गजूभाऊ खुर्चीवर बसले होते. हाताला डायलिसिसची पट्टी होती. वहिनींनी ट्रे आणला. तिवारीजींनी हात जोडले, "नहीं भाभीजी, अभी चाय पीके निकला हूँ." पुढच्याचा घसा धरला होता. त्याच्या पुढचीला उपास होता. ट्रे पुढे सरकत होता आणि प्रत्येकजण हात जोडत होता. गजूभाऊ ट्रेकडे बघत होते. ट्रे कुठे जातो, तिकडे त्यांची नजर जात होती.

मी शेवटच्या खुर्चीवर होतो. ट्रे माझ्यापुढे आला. मला नको म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. वहिनी वाकून उभ्या होत्या, मला संकोच झाला, आणि मी ग्लास उचलला. उचलला म्हणून प्यायलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मंदाने, माझ्या बायकोने, असं बघितलं की मी दुसरीकडे तोंड फिरवून प्यायलो. घरी गेल्यावर ती म्हणाली, "सगळ्यांचं ठरलं होतं ना? तुम्हाला एकट्यालाच तहान लागली होती?"

गजूभाऊंनी तिथे एवढंच विचारलं होतं, "कसं झालं?"

मी म्हटलं, "छान."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "ये." मला वाटलं, आता बोलणी बसतील. गेलो. अंगणात दोघंच होतो.

ते म्हणाले, "काल लोकं मले पाहाले आले होते, प्रभाकर. पन्हं प्याले कोणी नव्हतं आलं. जिथं लोकं फक्त पाहाले येतेत तो दवाखाना असते. मी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जातो, तेवढा पुरे आहे. हे माझं घर आहे. हे घर राहिलं पाहिजे."

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं,

"तू काहून प्यायला? तुले माझी दया नाही आली?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "आली होती. पण मला नको म्हणता आलं नाही."

गजूभाऊ इतके हसले की वहिनी बाहेर आल्या, काय झालं म्हणून. "ऐकलं का," ते म्हणाले, "याची दया याच्या लाजेच्या मागं राहिली. चला, हा कामाचा माणूस आहे."

तेव्हापासून मला काम लागलं. शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं आणि चाखायचं. पन्हं ते करायचे. जीभ माझी.

पहिल्याच दिवशी अडलं. त्यांनी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, छान.

"छान म्हणजे काय बे? तू बारशातही छान म्हणतं, तेरवीतही छान म्हणतं. तुझ्यापाशी दुसरा शब्द नाही का? पुन्हा घे. गिळू नको. तोंडात धर. पहिले काय लागलं?"

"आंबट."

"मग?"

"गोड."

"मीठ कुठं आहे?"

मी थांबलो. मिठाचा मी आयुष्यात कधी असा विचार केला नव्हता. म्हटलं, "मीठ मागून येतं."

"किती मागून?"

"गिळल्यावर."

"हव!" ते म्हणाले आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "गिळल्यावरच यायला पाहिजे. आता गिळ. आता सांग, कुठवर गेलं?"

मी सांगत होतो आणि ते माझ्या गळ्याकडे बघत होते. डोळे मोठे करून. घोट खाली गेला की त्यांचाही गळा हलायचा.

मी घरात फार बोलत नाही. ऑफिसात तर नाहीच नाही. पण त्या स्वयंपाकघरात मी बोलायला लागलो. आज गुळाचा वास आधी येतो आहे. आज कैरी जुनी आहे, दात शिवशिवत नाहीत. आज जिरं जास्त भाजलं, मागे कडसर राहतं. कधी ते वाद घालायचे, "शक्यच नाही, तुझी जीभ पान खाऊन खाऊन मेली." मी म्हणायचो, पान तुम्ही खाता, मी नाही. मग ते वहिनींना चाखायला लावायचे. वहिनी माझ्या बाजूने बोलल्या की म्हणायचे, "दोघं मिळाले एकमेकांले."

पण माझ्या एकट्याच्या पिण्याने घर कसं राहणार? रविवारी तर पुन्हा सगळे हात जोडणार होते.

त्यावर त्यांनी युक्ती काढली. पुढच्या रविवारी ट्रे आला. तिवारीजींनी हात जोडले. गजूभाऊ म्हणाले, "तिवारीजी, पीने को कौन बोल रहा? मैं तो चख नहीं सकता. ये प्रभाकर बोलता है नमक ठीक है. मुझे इसपे भरोसा नहीं. आप एक घूँट लेके सिर्फ बता दो."

आता मदत मागितल्यावर काय करणार? तिवारीजींनी घोट घेतला. "नमक कम है."

मी म्हटलं, बरोबर आहे.

पंडरीचे आपले शेठ म्हणाले, "कम कहाँ है? ज्यादा है." त्यांनी ठरवायला अजून घेतलं. मग बायकांनी घेतलं. कोणी म्हणे गूळ जास्त, कोणी म्हणे वेलची कुठे आहे. भांडण लागलं. खरं भांडण. गंज रिकामा झाला तरी मिठाचा निकाल लागला नव्हता. आणि गजूभाऊ मध्ये खुर्चीवर बसून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. पल्लवी भिलाईहून आली होती, ती माझ्या कानात म्हणाली, "काका, पापा कितने दिन बाद ऐसे बैठे हैं."

त्यानंतर कोपऱ्यावर कोणी थांबलं नाही. लोक यायचे, प्यायचे, नावं ठेवायचे. सगळे उन्हाळे असे गेले. हा उन्हाळाही निम्मा गेला.

एक गोष्ट तुमच्यातल्या कोणी पाहिली नसेल, म्हणून सांगतो. सगळे गेल्यावर गंज घासायचं काम गजूभाऊ स्वतः करायचे. वहिनींना करू द्यायचे नाहीत. मला तर नाहीच. पट्टी असलेला हात बाजूला ठेवून, एका हाताने, नळ बारीक सोडून. फार वेळ लावायचे. गंज लखलखीत झाला तरी हात पाण्याखालीच. मी एकदा म्हटलं, गजूभाऊ, झाला की साफ. ते म्हणाले, "पिता नाही येत बे. हात तरी भिजू दे."

 

शेवटचा रविवार त्यांचा इस्पितळातच गेला. दोन दिवसांनी मी भेटायला गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रविवारी कोण कोण आलं होतं?" मी म्हटलं, तुम्ही नव्हता, कोणी आलं नाही. ते म्हणाले, "मी नव्हतो. घर तर होतं ना?" मग डोळे मिटून पडून राहिले. त्याच आठवड्यात ते गेले.

आता कालचं सांगतो आणि थांबतो.

काल संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, लोकं येऊन राहिले. रोज येतेत. मी चहा विचारते, नको म्हणतेत. पाणी विचारते, नको म्हणतेत. हात जोडून बसतेत आणि मले पाहतेत." मग म्हणाल्या, "थोड्या दिवसांनी पाहाले येणंही बंद होईन. मग मी या घरात काय करू?"

ऐकलंत? गजूभाऊंनी मला जे सांगितलं होतं, तेच वहिनी सांगत होत्या. त्यांनी ते शब्द तेव्हा ऐकले होते की नाही, मला माहीत नाही.

म्हणून मी म्हटलं, उद्या पन्हं करू. सभेत नेऊ.

आज सकाळी केलं. गजूभाऊंशिवाय पहिल्यांदा. हातही आमचेच आणि जीभही माझीच. मी पळीभर घेतलं, तोंडात धरलं, थांबलो. कोणी विचारलं नाही. मी स्वतःच मोठ्याने म्हटलं, "कसं झालं?" पल्लवीने माझ्याकडे बघितलं. वहिनींनी बघितलं. आणि मला काही सांगता येईना. आंबट आहे, गोड आहे, एवढं कळलं. मिठाचं काही कळेना. पुन्हा घेतलं. नाही कळलं. शेवटी अंदाजाने चिमूट टाकली आणि झाकण ठेवलं. पल्लवी म्हणाली, "काका, अच्छा ही होगा." मी म्हटलं, बेटा, तुझ्या पापांना हे उत्तर चाललं नसतं.

तेव्हा मित्रांनो, आज जे पन्हं मागे ठेवलं आहे, ते कसं झालं आहे मला खरोखर माहीत नाही. तुम्ही सांगायचं आहे.

आपण दोन मिनिटं मौन पाळणार आहोत. त्याआधी एक विनंती. कृपया उठून मागच्या टेबलावरून एकेक ग्लास घ्या. पल्लवी, ताटल्या काढ बेटा. तिवारीजी, तुम्ही आधी या, तुम्ही गेलात की बाकीचे येतील. ग्लास हातात घेऊन उभे राहू. आणि मौनातच पिऊ. घाई करू नका. तोंडात धरा. मग गिळा. गजूभाऊंना श्रद्धांजली म्हणून मला दुसरं काही सुचलेलं नाही.

मौन संपल्यावर वहिनींजवळ जा. फार दुःख झालं, असं त्यांना म्हणू नका. ते तुमच्या चेहऱ्यांवर त्यांना दिसतंच आहे. पन्हं कसं झालं ते सांगा. मीठ कमी असेल तर कमी म्हणा. बिघडलं असेल तर बिघडलं म्हणा. छान म्हणू नका. तो शब्द माझा होता आणि तो मी सोडला आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहोत, वहिनींच्या अंगणात. वहिनींनी हो म्हटलं आहे. बेलही आता पिकायला लागले आहेत. सांत्वनाला येऊ नका. प्यायला या.

सभा संपल्यावर तुम्ही सगळे वहिनींना सोबत करत घरापर्यंत चालत जा. मी मागून येतो. इथे सभागृहाच्या मागे नळ आहे, मी मघाशी बघून ठेवला. पल्लवी म्हणत होती, काका, मैं धो दूँगी. मी तिला नको म्हटलं. हो, म्हणता आलं.

गजूभाऊ, नमस्कार. गंज मी घासतो.